ग्राहक घरी नाही, पार्सल कुठे ठेवू?

प्रश्न: "पुण्यात डिलिव्हरीच्या कामाला लागून दोन महिने झाले. रोज दहा-बारा घरं तरी बंद सापडतात. फोन केला की ग्राहक म्हणतात, दारात ठेवून जा. परवा असंच एक पार्सल दाराशी ठेवलं आणि संध्याकाळी ग्राहकाचा फोन आला, पार्सल नाहीये. हबवाले, म्हणजे जिथून पार्सलं वाटायला मिळतात तिथले लोक, म्हणतात, तुझ्या पैशातून कापू. आता बंद दार दिसलं की पोटात गोळा येतो. ठेवावं की परत न्यावं? आणि 'सेफ प्लेस' म्हणतात ती नक्की कुठली?"

उत्तर:

तू माझ्या मुलाच्या वयाचा असशील, म्हणून अरेतुरेत लिहितो. कोथरूड, कर्वेनगर, वारजे या पट्ट्यात मी सतरा वर्षं पार्सलं वाटली. आता हबवर सकाळचं सॉर्टिंग बघतो आणि नव्या पोरांना पहिले पंधरा दिवस सोबत घेऊन फिरतो. त्यांना पहिल्या दिवशी सांगतो तेच तुला सांगतो. ग्राहकाने स्वतःच्या तोंडाने ज्याचं नाव घेतलं त्या माणसाच्या हातात पार्सल दे. असं कोणी नसेल तर ग्राहकाने सांगितलेल्या, आणि बघून तुलाही पटलेल्या जागी ठेव. दोन्ही जमत नसेल तर परत आण. आपल्या मनाने जागा शोधायची नाही, कितीही चांगली दिसली तरी.

पण आधी परवाच्या पार्सलचं बघ, कारण तिथे एकेक दिवस महत्त्वाचा आहे. हरवलं म्हणून ओरड झालेली पुष्कळ पार्सलं इमारतीतच असतात, हे मी अनेकदा पाहिलंय. शेजारच्या काकूंनी 'भिजेल बाई' म्हणून आत घेतलेलं असतं. जिना झाडणाऱ्या मावशींनी उचलून वरच्या पायरीवर सरकवलेलं असतं. कधी घरातल्याच कोणी आत नेऊन पलंगावर टाकलेलं असतं आणि ज्याने मागवलं त्याला पत्ताच नसतो. म्हणून आजच तिथे जा. कंपनीचा टी-शर्ट आणि गळ्यात आयकार्ड हवंच. समोरच्या दाराबरोबर वरच्या आणि खालच्या मजल्यावरही विचार. मावशींना विचारताना "परवा दुसऱ्या मजल्यावर मी एक खाकी खोका ठेवून गेलो होतो, तुमच्या नजरेला पडला का?" असं विचार. "तुम्ही घेतला का?" हे शब्द तोंडातून जाऊ देऊ नकोस. सोसायटीत कॅमेरे असतील तर सेक्रेटरींना भेटून तारीख आणि वेळ सांग. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग कायम राहत नाही, डिस्क भरली की जुन्यावर नवीन चढत जातं. आठवड्याने गेलास तर हाती काही लागायचं नाही.

मग सगळं लिहून काढ. किती वाजता पोचलास, किती वाजता फोन केलास, कोण बोललं, काय शब्द वापरले, कुठे ठेवलंस, फोटो किती वाजताचा आहे. कॉल लॉगचा स्क्रीनशॉट जोड. हे हबला लेखी दे आणि पोच घे. कापण्याबद्दल म्हणशील तर, पगारावरच्या माणसाच्या वेतनातून हरवलेल्या मालाचे पैसे कापायचे असतील तर नुकसान त्याच्याच हलगर्जीपणाने झालं हे दिसायला हवं आणि आधी त्याला आपली बाजू मांडायची संधी द्यायला हवी. १९३६ च्या वेतन कायद्यापासून ही अट आहे. तू पार्सलमागे पैसे घेणाऱ्यांत असशील तर सही केलेल्या करारात काय लिहिलंय ते बघ. करार मोबाईलवर अंगठा दाबून झाला असेल तर त्याची प्रत मागून घे. दोन्हीकडे तुझा आधार एकच, तू लिहून ठेवलेली नोंद.

आता 'आपल्या मनाने जागा शोधू नको' असं मी एवढं ठासून का सांगतो ते ऐक.

२०१२ चा जुलै होता. कोथरूडमधली जुनी तीन मजली सोसायटी, लिफ्ट नाही, वॉचमन नाही. वरच्या मजल्यावर एक आजी-आजोबा राहायचे. मुठीएवढा खोका होता, वजनाला काहीच नाही. बेल वाजवली, दार वाजवलं, कोणी नाही. लेबलवरचा नंबर लावला तर बंद. बाहेर धो धो पाऊस, माझ्या बॅगेत अजून वीस-पंचवीस पार्सलं. दाराच्या कडीला एक जाड कापडी पिशवी अडकवलेली दिसली. कोरडी, आडोशाला, जिन्यातून जाणाऱ्याला आत काय आहे ते दिसणार नाही अशी. मी खोका पिशवीत तळाशी ठेवला, लेबलवरच्या नंबरला मेसेज टाकला आणि निघालो. चांगलं काम केल्यासारखं वाटत होतं.

ती पिशवी दुधाची होती. पहाटे साडेपाचला दूधवाल्याने सवयीने दोन पिशव्या त्यात टाकल्या आणि त्यातली एक फुटली. त्या मुठीएवढ्या खोक्यात आजोबांचं कानाचं मशीन होतं, दुरुस्त होऊन आलेलं. लेबलवरचा नंबर परदेशातल्या मुलाचा, भारतातलं जुनं सिमकार्ड, मेसेज कोणीच वाचला नव्हता. तक्रार आल्यावर मी गेलो तेव्हा आजींनी खोका ओट्यावर वर्तमानपत्रावर वाळत ठेवला होता. पुठ्ठा फुगला होता, आंबूस वास येत होता. आजी रागावल्या नाहीत. आजोबा दारात उभे राहून माझ्या ओठांकडे बघत होते, मी काय म्हणतोय ते ओळखायचा प्रयत्न करत. मी "चुकलं आजोबा" म्हणालो, ते त्यांना ऐकू गेलं नाही. पुढे महिनाभर ते तसेच होते.

मी जागा वाईट निवडली नव्हती रे. मला दिसत होतं तेवढ्यावरून ती उत्तम होती. पण त्या घरासाठी ती दुधाची जागा होती, आणि हे घरातल्या माणसाशिवाय कोणाला माहीत असणार? दाराबाहेरच्या प्रत्येक गोष्टीला रोजचं काहीतरी काम असतं. चपलांचं कपाट सकाळी बाहेर काढून धुतात. कुंडीला माळी पाणी घालतो. पायपुसणं मावशी झटकतात. सायकलच्या टोपलीत शेजारचं पोर बॅट ठेवतं. तू तिथे दोन मिनिटं उभा असतोस, त्या दाराचं दिवसभराचं वेळापत्रक तुला दिसत नाही. म्हणून जागा घरच्यांनीच सांगायची. आपण ती तपासायची, नाही म्हणायची वेळ आली तर नाही म्हणायचं.

फोन करायचीही एक पद्धत आहे. पोरं घाईत विचारतात, "घरी नाहीये का? कुठे ठेवू?" मग समोरचाही मीटिंगमध्ये, लोकलमध्ये, भाजी घेताना पटकन म्हणतो, "ठेवा कुठेतरी." ती परवानगी मानू नकोस. तो फोन ठेवायच्या घाईत असतो. मी असा बोलतो: "नमस्कार, कुरिअरमधून बोलतोय, तुमच्या दाराशी उभा आहे, तुमच्या नावाचं साधारण बुटाच्या खोक्याएवढं पार्सल आहे. घरी कोणी दिसत नाही. इमारतीत कोणाकडे देऊ ते सांगता का?" यात तीन गोष्टी आहेत. मी दाराशी उभा आहे हे कळतं. पार्सल केवढं आहे हे कळल्यावर त्यात काय असेल हे ग्राहकाला आठवतं, आणि ते मौल्यवान असेल तर तो स्वतःच म्हणतो, "नको, उद्या आणा." आणि 'कुठे' न विचारता 'कोणाकडे' विचारलं की लोक माणसाचं नाव सांगतात. एवढा एक शब्द बदलला आणि माझी दाराशी ठेवायची पार्सलं निम्म्यावर आली. नाव मिळालं की त्यांच्याकडून तेवढा मेसेज मागून घे, "समोरच्या जोशींकडे द्या" एवढ्या तीन शब्दांचा. बोललेलं दोघंही विसरतात, लिहिलेलं राहतं.

फोनवर कोण आहे हेही विचार. कोथरूडसारख्या भागात मुलं बंगळुरूला किंवा परदेशात, आई-वडील इथे, आणि ऑर्डर मुलांनी दिलेली, हे रोजचं चित्र. मुलगा फोनवर म्हणतो "दारात ठेवा", पण त्याला माहीत नसतं की आई फिजिओथेरपीला गेलीय आणि बाबा आत झोपलेत. तेव्हा विचारायचं, "घरातल्या कोणाचा नंबर देता का?" हे वाचणाऱ्यांत ग्राहक असतील तर त्यांना हात जोडून विनंती, पत्त्याच्या दुसऱ्या ओळीत घरात प्रत्यक्ष असणाऱ्या माणसाचा नंबर टाका.

आता माणसांचं. शेजारी ही सगळ्यात चांगली जागा, पण ग्राहकाने नाव घेतलेला शेजारी. समोरचं दार उघडं आहे म्हणून तिथे देऊन मोकळं होऊ नकोस. एकाच मजल्यावर पार्किंगवरून किंवा पाण्याच्या टाकीवरून वर्षानुवर्षं न बोलणारी घरं मी पाहिलीत. शिवाय लेबलवर पाठवणाऱ्याचं नाव असतं. कोणाच्या घरी कुठल्या दवाखान्याची औषधं येतात हे शेजाऱ्याला कळावं की नाही हे त्या घराने ठरवायचं. देताना नाव विचारून लिही, फ्लॅट नंबर लिही आणि ग्राहकाला लगेच कळव. लहान मुलाच्या हातात देऊ नकोस. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला दहा किलोचा खोका उंबऱ्याबाहेर ठेवून "आत घ्या" म्हणू नकोस, आत ठेवून दे.

वॉचमनबद्दल सगळे म्हणतात, "त्याच्याकडे टाक, त्याचंच काम आहे." बहुतेक सोसायट्यांत ते त्याचं काम नसतं. तो बारा-बारा तास उभा असतो, गाड्या बघतो, पाण्याचा पंप लावतो. त्याची केबिन दोन माणसं मावणार नाहीत एवढी, त्यात संध्याकाळपर्यंत तीस-चाळीस पार्सलं साचतात. आणि सकाळी आठला किंवा रात्री आठला पाळी बदलली की नव्या माणसाला सकाळचं काही माहीत नसतं. पार्सल हरवतं ते नेमकं तिथे. बऱ्याच मोठ्या सोसायट्यांत मायगेटसारखं अॅप असतं, त्यात ग्राहकाने 'गेटवर ठेवा' म्हटलं की नोंद होते, ते सोपं. जिथे अॅप नाही तिथे वही असते. वहीत स्वतःच्या हाताने तारीख, वेळ, फ्लॅट नंबर, पार्सल नंबर लिही, घेणाऱ्याची सही घे आणि त्या पानाचा फोटो काढ. वही नसेल तर कागदावर लिहून पार्सलला चिकटव, फ्लॅट नंबर एवढ्या मोठ्या अक्षरात की चार फुटांवरून वाचता यावा. आणि त्याला विचारून ठेव, "दादा, ठेवू का?" तो नको म्हणाला तर वाद घालू नकोस. रोज त्याच गेटवरून तुला आत जायचंय.

इथे एक गोष्ट मला फार लागते, ती सांगतो. घरकामाला येणाऱ्या मावशींच्या हातात पार्सल देताना दहा वेळा विचार कर. त्या अप्रामाणिक असतात म्हणून मुळीच नाही. उद्या खोक्यात काही कमी निघालं, विक्रेत्यानेच एक वस्तू कमी भरली असली, तरी पहिला संशय त्यांच्यावर येतो. काम सुटतं, दोन इमारतींत नाव खराब होतं. वॉचमनचंही तेच. आपण दोन मिनिटं वाचवायची आणि चोरीचा आळ दुसऱ्या गरिबावर, हे माझ्याकडून होणार नाही आणि माझ्या हाताखालच्या कोणी केलेलं मला चालत नाही. मावशींकडे द्यायचं तर ग्राहक फोनवर असतानाच, स्पीकर चालू ठेवून द्यायचं: "ताई, मावशींकडे देतोय, खोका सीलबंद आहे, फोटो पाठवतो." मग मावशीही निर्धास्त.

याउलट जी माणसं दिवसभर एकाच जागी बसतात ती सोन्यासारखी. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, पिठाची गिरणी, किराणा दुकान. त्यांना आख्खी गल्ली ओळखते, आणि ग्राहकही घरी येताना तिथूनच जातो. मुळशीकडच्या गावांत तर पत्ताच 'मारुती मंदिरासमोर, अमुक यांच्या दुकानामागे' असा असतो आणि ग्राहक न विचारताच म्हणतो, दुकानात ठेवा. चाळीत किंवा वस्तीत मला कधी पार्सल परत आणावं लागल्याचं आठवत नाही. तिथे दुपारी नेहमी कोणीतरी उंबऱ्यात बसलेलं असतं आणि कोणाचं कोण हे सगळ्यांना ठाऊक असतं. अवघड पडतात त्या बिनवॉचमनच्या जुन्या इमारती आणि एकटे बंगले.

बंगल्यात आवारात शिरायच्या आधी फाटक वाजव आणि थांब. कुत्रं बांधलेलं असेलच असं नाही. भिंतीवरून आत टाकायचं तर कधीच नाही, मऊ पाकीट असलं तरी. खिडकीचं लोखंडी ग्रील ही बंगल्यातली चांगली जागा, पण पार्सल आतल्या कट्ट्यावर, बाहेरून हात पोचणार नाही इतकं आत सरकलं तरच. अर्धं बाहेर दिसत असेल तर ते रस्त्यावर ठेवल्यासारखंच. स्कूटरच्या डिक्कीत ठेवा, चावी लागत नाही, असंही लोक सांगतात. ज्या डिक्कीला तुला चावी लागत नाही तिला दुसऱ्यालाही लागत नाही. आणि एप्रिल-मे महिन्यात बंद डिक्की भट्टीसारखी तापते.

काही जागा ग्राहकाने सांगितल्या तरी नाही म्हण. विजेच्या मीटरचं कपाट हे पहिलं. जिन्याखाली असतं, दार लागतं, कोरडं असतं, म्हणून सगळ्यांना आवडतं. पण आत उघड्या जोडण्या असतात, पुठ्ठा आणि ठिणगी एकत्र नकोत, शिवाय मीटर रीडिंगला येणारा माणूस ते कधीही उघडतो. दुसरी, आग विझवायच्या नळीची लाल पेटी. आग लागली तर तिथे पहिला हात खोक्यावर पडता कामा नये. तिसरी, लिफ्टसमोरची मोकळी जागा, आणि चौथी, कचऱ्याच्या डब्याजवळची कुठलीही जागा. गाडीखाली ठेवायला सांगितलं तर मी सरळ सांगतो, "साहेब, गाडी निघाली की संपलं."

पुण्याच्या पावसाचं वेगळं लिहायला हवं. जून ते सप्टेंबर उघड्या व्हरांड्यात तिरपा पाऊस आत येतो, दारापर्यंत. छप्पर आहे म्हणून फसू नकोस, फरशीवर पाण्याचे डाग कुठवर आहेत ते बघ. पार्सल फरशीला टेकवून ठेवायचं नाही, कारण सकाळी जिना धुतात आणि पाणी सगळ्यांत आधी पुठ्ठ्याचा तळ भिजवतं. बॅगेत जाड प्लॅस्टिकच्या दहा-बारा पिशव्या कायम ठेव. पार्सल पिशवीत घालून तिचं तोंड खाली दुमडून ठेवायचं, वर ठेवलंस तर पिशवीतच तळं साचतं.

उन्हाळ्यात आंबा. देवगड-रत्नागिरीहून पेट्या यायला लागल्या की ग्राहक बाहेर आणि आंबा दारात, हे रोजचं. पेटीला हवा लागते, ऊन चालत नाही. दारात उन्हात दोन तास राहिली तर वरचा थर शिजतो, आणि वासाने मुंग्या, उंदीर, मांजरं येतात ते वेगळंच. आंब्याची पेटी मी फक्त माणसाच्या हातात देतो, मग संध्याकाळी दुसरी फेरी झाली तरी चालेल. तेच दिवाळीच्या फराळाचं. घर बंद करून गावाला गेलेल्यांच्या दाराशी फराळाचा डबा ठेवून उपयोग नाही. आणखी एक, सुट्टीच्या दिवसांत एका दाराशी दोन-तीन पार्सलं साचलेली दिसली तर तिथे चौथं ठेवू नकोस, ग्राहकाला फोन कर. दाराशी साचलेले खोके म्हणजे घर रिकामं असल्याची पाटीच, आणि ती चोराला वाचता येते.

औषधांबद्दल एवढंच सांगतो. इन्सुलिन दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये राहावं लागतं. थंड ठेवायची खूण असलेलं पाकीट ग्राहकाच्या किंवा त्याने सांगितलेल्या माणसाच्या हातात, 'हे फ्रिजमध्ये ठेवायचंय' असं तोंडाने सांगून. तसं जमलं नाही तर हबला लगेच फोन, बॅगेत दिवसभर फिरवायचं नाही.

काही गोष्टी दुसऱ्याच्या हातातही द्यायच्या नसतात. बँकेचं कार्ड, कोर्टाची नोटीस, ओळखपत्रं. पासपोर्ट पोस्टाने येतो तेव्हा पोस्टमन अर्जदाराचं ओळखपत्र बघून त्याच्याच हातात देतो. माणसाला द्यायचं की पत्त्यावर द्यायचं, हा फरक तुला पोस्टाकडून शिकता येईल. रजिस्टर्ड टपाल नाव असलेल्या माणसाला, स्पीड पोस्ट पत्त्याला, अशी जुनी वाटणी होती. १ सप्टेंबर २०२५ ला रजिस्टर्ड स्पीड पोस्टात मिसळलं, तरी नावाच्याच माणसाला देण्याची सोय जादा शुल्क घेऊन ठेवलीच आहे. आणि माणूस भेटला नाही तर पोस्टमन चिठ्ठी ठेवतो, वस्तू पोस्टात सात दिवस थांबते. जुन्या पोस्टमनांना कधी दाराशी काही ठेवून जाताना मी पाहिलं नाही. आपल्या कामात वेग आला तशी ती शिस्त सुटली.

चिठ्ठीवरून आठवलं. दारावर 'पार्सल कुंडीमागे ठेवलंय' अशी चिठ्ठी चिकटवणारी पोरं आहेत. ती चिठ्ठी जिन्यातून जाणारा प्रत्येकजण वाचतो. घर बंद आहे आणि माल कुठे आहे, दोन्ही कळतं. जागा फक्त मेसेजमध्ये लिहायची. दारावर काही लावायचंच असेल तर 'कुरिअर येऊन गेलं, फोन करा' एवढंच. फोटो दोन काढ: एक लांबून, ज्यात दरवाजावरचा नंबर आणि पार्सल दोन्ही येतील, दुसरा जवळून, लेबल आणि सील दिसेल असा. नुसत्या फरशीवरच्या खोक्याचा फोटो काहीच सिद्ध करत नाही, फरशी सगळीकडे सारखीच. फोटोत कोणाचा चेहरा, विशेषतः मुलांचा, येऊ देऊ नकोस. शेजाऱ्यांकडे दिलंस तर त्यांना विचारून हातातल्या पार्सलचा फोटो काढ, चेहऱ्याचा नाही.

ओटीपी असलेलं पार्सल म्हणजे ग्राहकाची सही. ते दुसऱ्याच्या हातात गेल्यावर, त्या माणसाने ग्राहकाला "हो, मिळालं" असं सांगितल्यावर मग ओटीपी मागायचा. आधी ओटीपी घेऊन मग पार्सल कुठेतरी ठेवणं म्हणजे सही आधी, माल नंतर. ग्राहक फोनवर ओटीपी द्यायला कचरला तर त्याचा राग धरू नकोस. लोक पोळलेले आहेत. कुरिअरवाला आहे असं सांगून 'पार्सल कन्फर्म करायला स्टार ४०१ स्टार आणि हा नंबर डायल करा' म्हणणारे भामटे आहेत. तो नंबर फिरवला की येणारे फोन त्यांच्याकडे वळू शकतात आणि पुढे बँकेचे ओटीपीही त्यांनाच मिळू शकतात. असं कोणाच्या बाबतीत झालं तर १९३० ला लगेच फोन करायला सांग. तू खरा आहेस हे पटवायचा सोपा मार्ग म्हणजे वॉचमनच्या इंटरकॉमवरून किंवा शेजाऱ्यांच्या फोनवरून बोलणं. आणि कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर पैसे तुझ्या कंपनीच्या अॅपमध्ये जमा दिसल्याशिवाय पार्सल हातातून सोडायचं नाही. ग्राहकाने पाठवलेला स्क्रीनशॉट पुरेसा नाही.

कायद्याचं विचारशील तर १८७२ च्या करार कायद्यात दुसऱ्याचा माल ताब्यात असलेल्या माणसाकडून अपेक्षा साधी आहे: सामान्य समजूतदार माणूस आपल्या स्वतःच्या तशाच मालाची जेवढी काळजी घेईल, तेवढी. मी हे पोरांना असं सांगतो, त्या खोक्यात तुझा स्वतःचा नवा मोबाईल आहे असं समज आणि मग त्या जागेकडे बघ.

राहिला तुझा खरा प्रश्न, जो तू लिहिला नाहीस पण मला दिसतो. परत नेलेल्या पार्सलचे पैसे बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत, काउंट, म्हणजे दिवसभरात पोचवलेल्या पार्सलांचा आकडा, कमी होतो, हबवर बोलणी बसतात. म्हणून हात दाराशी ठेवायला वळतो. आणि त्याहून वाईट म्हणजे न जाताच 'ग्राहक उपलब्ध नाही' असं मारायचा मोह होतो. तो मोह आवर. घरात बसून दिवसभर वाट बघणाऱ्या माणसाला तसा मेसेज येतो तेव्हा त्याचा आपल्या सगळ्यांवरचा विश्वास उडतो, आणि मग तो पुढच्या खऱ्या पोरालाही फोनवर झिडकारतो. अशी तक्रार ग्राहक १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही करू शकतो, आणि त्याने ती करावी.

काउंट वाचवायचा मार्ग वेगळा आहे, तो सकाळी हबवरच सुरू होतो. रनशीट, म्हणजे दिवसभराच्या पार्सलांची यादी, हातात आली की बॅग भरायच्या आधी चुकणाऱ्या घरांवर खूण कर. आठ-पंधरा दिवसांत तुला कळायला लागेल की कुठल्या विंगमध्ये दोघं नोकरी करतात, कुठे दुपारी आजी असतात, कोण शनिवारीच भेटतं. मी एक छोटी वही ठेवायचो, इमारतीनिहाय. 'बी-६, सायंकाळी सातनंतर. बी-९, नाही भेटले तर खाली गिरणीत, ग्राहकाने सांगितलंय.' त्या वहीत कोणाचा नंबर किंवा चावी कुठे असते असलं काही लिहायचं नाही, वही पडली तर घात होतो. खूण केलेल्या घरांना साडेनऊ-दहाला मेसेज टाकायचा: "आज दुपारी एकच्या सुमारास येतोय, घरी नसाल तर कोणाकडे देऊ?" त्या वेळी माणूस ऑफिसला निघत असतो, त्याला विचार करायला वेळ असतो, आणि उत्तर लेखी येतं. उरलेली पार्सलं बॅगेत एका बाजूला बांधून ठेव आणि शेवटचा पाऊण तास, सात ते पावणेआठ, फक्त त्यांच्यासाठी राख. त्या वेळी दिवे लागलेले असतात, दार उघडतं.

आज त्या सोसायटीत जाशील तेव्हा परवाच्या पार्सलच्या ग्राहकालाही भेट. पार्सल सापडलं असो वा नसो. काय झालं ते सरळ सांग, आणि पुढच्या वेळी कोणाकडे द्यायचं ते त्यांच्याकडूनच लिहून घेऊन ये.